दिवा लागला की दार उघडं

३ ऑक्टोबर, गुरुवार

इस्त्री पकडली गेली!

बाहेर जाताना मी इस्त्री चालू ठेवून जाते. म्हणजे जायचे. ओट्यावर उभी करून, आजूबाजूला काही पेटणार नाही ना ते दोनदा बघून. कारण ह्यांच्या फोनवर घराचा ग्राफ दिसतो. छतावर सोलर, जिन्याखाली बॅटरी आणि ह्यांच्या खिशात ॲप! घरात किती वीज चाललीय ते ऑफिसात बसून बघायचं. काही चालू असलं की उंचवटा, नसलं की रेघ सपाट. आणि रेघ सपाट दिसली की संध्याकाळी बूट काढता काढता प्रश्न ठरलेला – ‘दुपारी घर सपाट होतं. कुठे गेली होतीस?’

म्हणून इस्त्री. मी समोरच्या टेलरबाईंकडे अर्धा तास चहाला, आणि घरात माझ्या वतीनं इस्त्री हजर. कित्येक महिने बिनबोभाट चाललं होतं. स्वतःच्या हुशारीवर मीच खूश!

आज हे आले, बसले, फोन माझ्या नाकासमोर धरला. आवाज चढवला नाही. कधीच चढवत नाहीत. ‘हे बघ. माणूस इस्त्री करतो तेव्हा कपडा बदलतो, घडी घालतो, मध्येच थांबतो. रेघ वेडीवाकडी येते. ही बघ कशी करवतीच्या दात्यांसारखी एकसारखी. ही नुसती उभी असलेली इस्त्री आहे.’ मग हसले. ‘मला मूर्ख समजतेस का गं?’

मी इस्त्रीची वायर गुंडाळून ठेवली.

हे सांगायचं तरी कुणाला? नवरा मारतो? नाही. पितो? नाही. मग त्रास काय बाई तुला? – इस्त्री पकडली! ऐकणारा हसून हसून लोळेल.

लिहितेय ते सोलरच्या माहितीपुस्तिकेच्या मागच्या कोऱ्या पानांवर. घरातली हीच एक जागा जिथे हे डोकावणार नाहीत. सगळं येतंच ना त्यांना, पुस्तिका कशाला उघडतील!

४ ऑक्टोबर

आज उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. ग्राफ खूश.

६ ऑक्टोबर, रविवार

हे घर विकायचं ठरलंय. ठरलंय म्हणजे ह्यांचं ठरलंय.

सकाळी चहा घेताना सांगितलं, भाजी संपलीय असं सांगावं तसं. शहराबाहेर टेकडीवर नवीन घर. फोटो दाखवले. चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. मोठ्या खिडक्या, छतभर सोलर, खाली दोन बॅटऱ्या, स्वतःची बोअर. बाहेरून वीज नको, पाणी नको. ‘कुणाची गरजच पडणार नाही आपल्याला,’ म्हणाले. फाटक फोनवरून उघडतं. मी विचारलं, ‘कुणाच्या फोनवरून?’ ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी कप खाली ठेवला.

शेजारी कोण? शेजारी नाहीत. खाली रस्त्याला एक पेट्रोल पंप आहे म्हणे. तो शेजार!

हे घर बाबांनी बांधलं. शेवटी माझ्या नावावर करून गेले. आम्हाला मूलबाळ नाही, भाऊ-बहीण मला नाही, माझं म्हणावं असं जगात एवढंच. तेव्हा सही माझी लागणार. ‘वीस तारखेला घेणारा येईल. सही कर, बाकीचं मी बघतो.’

बाकीचं हेच बघतात. कायम.

नको म्हणायचं होतं. तोंडातून आलं – ‘अजून थोडा चहा देऊ?’

९ ऑक्टोबर, बुधवार

वादळ येणार म्हणून वस्तीच्या समितीनं सोलरवाल्याला पाठवलं होतं. टक्कल पडलेला, गप्पिष्ट माणूस. वस्तीतल्या आसरा घरांची बॅटरी तपासत फिरतोय.

आमचं घर आसरा घर आहे. समितीनं सोलर निम्म्या किमतीत बसवून दिलं, त्याबदल्यात अट – संकटात वस्तीची वीज गेली की फाटकावर हिरवा दिवा लागणार आणि घर सगळ्यांना खुलं. फाटकाशेजारी पाटी आहे. हे रविवारी रविवारी ती फडक्यानं पुसतात. तिच्यावर लिहिलंय – ‘आसरा घर. दिवा लागला की दार उघडं. कारण विचारलं जाणार नाही.’ शेवटची ओळ समितीत मुद्दाम घातली. एका वादळात कुठल्याशा घरमालकानं दारात उभ्या बाईला ‘तुमच्याकडे नक्की काय झालंय’ असं विचारत भिजवलं होतं. तेव्हापासून चौकशा बंद. आधी आत घ्यायचं.

हे ऑफिसात होते. सोलरवाला म्हणाला, ‘ताई, साहेबांना दाखवलंय, पण तुम्हीही बघून ठेवा. वेळेला घरात तुम्हीच असता.’ जिन्याखालचा बॉक्स उघडला. दिवा आपोआप लागतो, पण नाहीच लागला तर आत एक पिवळं बटण आहे. दाबलं की दिवा. पुन्हा दाबलं की बंद.

मी दाबून बघायला बोट पुढे केलं तर माणूस ओरडलाच! ‘अहो, नका! समितीला कळवल्याशिवाय दिवा लावायचा नाही. लोक चटया घेऊन धावत येतील!’

हसलो दोघंही. संध्याकाळी ह्यांनी विचारलं, ‘आज साडेदहाला बॅटरी का हलली?’

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आलं! दुपारपासून वारा असा की खिडक्या दात खात होत्या. चारच्या सुमारास समोरचं झाड आडवं झालं, तारा घेऊन. सगळ्या गल्लीत काळोख. आणि आमच्या फाटकावर हिरवा दिवा.

पहिल्या आल्या टेलरबाई. एका काखेत शिलाई मशीनचं डोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, दुसऱ्या काखेत निळी चटई. ‘नवरा गेला तेव्हा इतकं रडले नाही, पण हे मशीन भिजलं असतं तर मेलेच असते,’ म्हणाल्या. मग कोपऱ्यावरची बाळाची आई. बाळाला दमा आहे, वाफेचं मशीन दिवसातून तीनदा लागतं. बाळाचा बाप दुसऱ्या गावी अडकलेला. मग बँडवाले आजोबा. आयुष्यभर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवलं, त्यानंच कान गेले. कानात यंत्र नसलं तर शेजारी ढोल बडवा, ढिम्म हलत नाहीत. मग एकामागून एक इतके आले की चपला जिन्यावर चढवाव्या लागल्या.

हे फाटकाशी छत्री धरून. ‘या, या, आपलंच घर समजा!’ किती गोड! प्रत्येकाला हात देऊन आत घेत होते. एक बाई मला म्हणाली, ‘वहिनी, नशीबवान आहात हो. असा माणूस मिळायला पुण्य लागतं.’

मी म्हटलं, हो ना.

१२ ऑक्टोबर, शनिवार

माणसंच माणसं. बाथरूमसमोर रांग, ओट्यावर पाच जणींचे पाच तऱ्हेचे चहा, सोफ्याखालीही कुणीतरी झोपलेलं. रस्ते बंद. झाडं आडवी, पलीकडच्या वळणावर कंबरभर पाणी. कुणी आत येऊ शकत नाही, कुणी बाहेर जाऊ शकत नाही. ह्यांचं ऑफिसही बंद! म्हणजे हे चोवीस तास घरात. मी मनात म्हटलं, संपलं आता, हा पिंजरा आणि हा वाघ.

पण काय गंमत झाली बघा. ढगांमुळे वीज कमी बनते, म्हणून कुणाचं काय कधी लावायचं ते ठरवावं लागतं. ह्यांनी कागदावर वेळापत्रक आखलं. लाल शाईनं. तर बाळाची आई मलाच विचारते, ‘वहिनी, मशीन लावू?’ आजोबांचं यंत्र माझ्या हाती, कुणाचा फोन माझ्या हाती, फ्रिजमधल्या औषधांवर नावं मीच चिकटवली. प्लगचा कारभार बघता बघता माझ्याकडे आला. लाल वेळापत्रक फ्रिजवर लटकतंय. त्याच्यावर कुणीतरी भिजलेला मोजा वाळत घातलाय. मी काढला नाही.

दुपारी टेलरबाईंनी कसलासा किस्सा सांगितला – गिऱ्हाईकाच्या पँटला दोन्ही पाय उजवेच शिवले त्याचा – आणि मी हसले. मोठ्यानं. माझाच आवाज मला ओळखू येईना.

थोड्या वेळानं हे बोळात आले. मी टॉवेल उचलत होते. जवळ येऊन, अगदी कानाशी, ‘फार हसतेस हल्ली. हसून घे. हे लोक जाऊ देत, मग बघतो ग्राफ तुझा. टेकडीवर तुझं हसू ऐकायला कुणी येणार नाही.’ आणि वर माझ्या खांद्यावरचा दोरा उचलून टाकला. बघणाऱ्याला वाटावं, काय प्रेम!

बघणारं होतं कोण? बोळातल्या खुर्चीत आजोबा, डोळे मिटून. त्यांच्यासमोर बोलणं आणि भिंतीसमोर बोलणं सारखंच.



१३ ऑक्टोबर, रविवार

इंटरनेट मेलं! टॉवर पडला म्हणे. ॲप उघडत नाही. हे फोन घेऊन गच्चीवर जातात, खाली येतात, पुन्हा जातात.

आणि समजा उघडलंच, तर दिसणार काय? इतक्या माणसांचा ग्राफ! त्यात माझी रेघ शोधा म्हणावं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज ऊन पडलं. बॅटरी भरली. टेलरबाईंनी हॉलमध्ये मशीन मांडलं. हे काही बोलणार तोच त्या म्हणाल्या, ‘साहेब, तुमच्या सोलरवरची पहिली पँट तुमच्यासाठीच शिवते, दोन्ही पाय उजवे!’ आणि सगळे हसले. मग ह्यांनाही हसावं लागलं. फाटक्या चादरीतून बाळाला झबली शिवली. मीही दोन शिवली. लग्नाआधी मी शिवणक्लासला पहिली आले होते. हे मी विसरूनच गेले होते की काय! बोटं विसरली नव्हती.

पण लिहायचंय ते वेगळंच.

रात्रीचं जेवण. भात-बटाटा, सगळे गोल बसलेले, हे मध्ये. समिती आमच्या घराचं कौतुक करणार वगैरे सांगत होते. आजोबा जेवता जेवता म्हणाले, ‘साहेब, एक विचारू? ग्राफ म्हणजे काय हो?’

हे थांबले. ‘कसला ग्राफ?’

‘नाही, परवा बोळात तुम्ही पोरीला म्हणत होतात ना – हे लोक जाऊ देत, मग बघतो ग्राफ तुझा. डॉक्टर छातीचा काढतात तो का? पोरीची तब्येत बरी नाही की काय?’

माझ्या हातातला डाव भातात तसाच. परवा सकाळी मीच तर आजोबांचं यंत्र चार्ज करून त्यांच्या हातात दिलं होतं. म्हणजे कानात होतं!

हे हसले. ‘अहो आजोबा, विजेचा ग्राफ. सोलरचा.’

‘हां, विजेचा,’ आजोबांनी भात कालवला. ‘विजेचा, तर मग तुझा कसा?’

बाळाच्या मशीनची तेवढी घरघर. शेवटी कुणीतरी मीठ मागितलं आणि सगळे एकदम मीठ द्यायला धावले. आजोबांनी मान वर केली नाही. पण मी भात वाढायला वाकले तेव्हा हळूच म्हणाले, ‘ऐकू येतं मला, पोरी.’

अंगावर काटा आला. भीतीचा का आनंदाचा, ते मेलं अजून कळत नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

हे दिवसभर गप्प. सगळ्यांशी गोड, माझ्याशी गप्प. ही चुप्पी मला पाठ आहे. ती साठत जाते, बॅटरीसारखी.

ओट्यापाशी टेलरबाईंनी गाठलं. ‘वहिनी, भानगड काय आहे?’

‘काही नाही हो. ह्यांचा स्वभाव जरा शिस्तीचा.’

त्या कांदा चिरत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘माझ्याकडे चहाला यायचात तेव्हा सारखं खिडकीतून स्वतःच्या घराकडे बघायचात. मला वाटायचं, बाई दूध तापत ठेवून आल्यात.’

‘दूधच असायचं,’ मी म्हटलं.

‘रोज दूध?’

‘रोज.’

जळलं माझं तोंड! एवढं सरळ दार उघडून दिलं त्यांनी, आणि मी काय केलं, तर कडी लावली. का? लाज वाटली. काय सांगू – माझा नवरा मला विजेच्या रेघेवरून ओळखतो? मी घराबाहेर पडण्यासाठी इस्त्रीला कामाला लावते? माझ्या तोंडूनच ते खोटं वाटलं असतं.

सगळे खिडकीशी जाऊन बघतात, वायरमन आले का. वीज कधी येणार, वीज कधी येणार. घरी जायचंय सगळ्यांना, त्यांचं बरोबर आहे. बाळाच्या बापाचा तर जीव टांगणीला.

आणि मी? मी सगळ्यांच्यामध्ये बसून मनात म्हणते, येऊ नको. इतक्यात येऊ नको बाई! बाळाला दम लागतो आणि मी असलं म्हणते. किती वाईट आहे मी. तरी म्हणते.

१६ ऑक्टोबर, बुधवार

आली.

दुपारी जेवणं चालली असताना समोरच्या खिडक्यांत दिवे लागले. टाळ्या! शिट्ट्या! आमचा हिरवा दिवा विझला. मीही टाळ्या वाजवल्या, न वाजवून सांगते कुणाला.

संध्याकाळपर्यंत घर रिकामं. बाळाची आई गळ्यात पडून रडली. आजोबांना त्यांच्या पुतण्यानं धरून नेलं. फाटकापर्यंत जाऊन ते वळले, माझ्याकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे, मग गेले. टेलरबाईंनी मशीन उचललं, निळी चटई गुंडाळली. दारात थांबल्या. ‘वहिनी, दूध उतू गेलं तर हाक मारा,’ एवढंच म्हणाल्या.

हे मागेच उभे होते. ‘कसलं दूध?’

कसलंच नाही, मी म्हटलं.

इतकं मोठं घर मी आधी कधी बघितलं नव्हतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

इंटरनेट आलं. सकाळी सकाळी ॲप उघडून माझ्यासमोर बसले. आठवड्याचा ग्राफ, डोंगरच्या डोंगर. ‘हा बघ तुझा उत्सव.’ मग बोट सरकवत सरकवत आजच्या सकाळवर आले. सपाट. ‘आणि ही तू.’

वीस तारीख रद्द. घेणाऱ्याला उद्या संध्याकाळीच बोलावलंय. सामानाचा ट्रक परवा. मी म्हटलं, इतकी घाई? ‘वस्ती बिघडलीय इथली. लोकांना दुसऱ्याच्या घरात कान लावायची सवय लागलीय.’ माझा फोन घेतला, नवीन घरी नवीन देतो म्हणाले. फाटकाला कुलूप घातलं, वादळानंतर चोऱ्या होतात म्हणून. सगळ्याला कारण असतं ह्यांच्याकडे. सगळ्याला!

दुपारी टेलरबाई आल्या. पातेलं परत करायला. मी वरच्या खोलीच्या खिडकीत होते, फाटक समोर दिसत होतं. हे गेले. गजांमधून पातेलं घेतलं. ‘वहिनी आहेत ना?’

‘झोपलीय. दगदग झाली तिला. तब्येत नरम आहे.’

मी खिडकीत उभी. जागी! चांगली टक्क जागी! हाक मारायची होती. नुसतं ‘बाई!’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. घशातून आवाज म्हणून फुटला नाही. टेलरबाईंनी वर बघितलं, पण काचेवर ऊन होतं, मी दिसले नसणार. गेल्या. तरी दोनदा मागे वळल्या.

किती वर्षं मी ह्यांच्या नावानं बोटं मोडतेय. आज माझ्या घशात कुणाचा हात होता? कुणाचाच नाही. तो खाली होता, फाटकाशी. हो, तो. कागदावर तरी आता ‘हे’ लिहवत नाही.

आत आला, पातेलं ओट्यावर ठेवलं. ‘बाई चौकस आहे. बरं झालं, जातोय आपण.’

खूप रडले. नळ सोडून, म्हणजे आवाज जायला नको. पाण्याचा ग्राफ अजून निघाला नाही, तेवढी देवाची कृपा.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार. दुपार.

टेबलावर पेन ठेवलंय. नवीन, टोपण काढून. जणू मला टोपण काढायचे कष्ट नकोत.

खोकी भरून तयार. माझ्या साड्या त्यानंच भरल्या, घड्या माझ्यापेक्षा चांगल्या. बाबांचा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून तळाशी. मी बघितलं, कुठल्या खोक्यात ते लक्षात ठेवलंय. सातला घेणारा येणार. सोबत मध्यस्थ आणि एक साक्षीदार, तोही त्यांचाच.

सही नाही केली तर? हे मी आज पहिल्यांदा पूर्ण वाक्यात मनात म्हटलं. सही नाही केली तर तो ओरडणार नाही. तो दार लावून घेईल आणि गप्प बसेल. उद्या, परवा, आठवडाभर. आणि मग एक दिवस मीच पेन मागेन. मला माहिती आहे मी मागेन. ह्या घरात दोघंच असलो की मी उरतच नाही.

माणसं होती तेव्हा मी होते. चांगली धडधाकट होते! लाल वेळापत्रकावर मोजा वाळत होता आणि मी तो काढला नव्हता.

पळून जावं तर फाटकाला कुलूप, चावी त्याच्या कमरेला. हाक मारावी तर कालचा अनुभव आहेच. तोंड उघडलं की चहाच विचारते मी.

तो पाहुण्यांसाठी हॉल आवरतोय. खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतोय. मी जिन्याखाली बसलेय, पुस्तिका घेऊन. बॅटरी शेजारी गुणगुणतेय. ‘काय करतेस तिथे?’ म्हणून विचारून झालं. म्हटलं, खोक्याला दोरी शोधतेय.

बॉक्सला कुलूप नाही. ते मात्र राहिलंय त्याच्याकडून.

आत्ता नाही. उन्हात दिसायचा नाही. अंधार पडू दे थोडा.

अक्षर बघा कसं आलंय.

१८ ऑक्टोबर. संध्याकाळ.

दाबलं.

सगळ्या गल्लीत दिवे होते, घराघरात टीव्ही चालू होते, आणि आमच्या फाटकावर हिरवा दिवा. मी जिन्याखालून उठून दारात येऊन उभी राहिले. समोरचं शिलाई मशीन थांबल्याचं ऐकू आलं.

टेलरबाई आल्या, काखेत निळी चटई. मागून पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून आजोबा. बाळाला कडेवर घेऊन बाळाची आई. मग आणखी. पाटीखाली गर्दी झाली. घेणारा आणि त्याची माणसं त्या गर्दीत मागे कुठेतरी अडकली.

तो चावी हातात धरून फाटकाशी, हसत. ‘अहो, वीज आहे की सगळीकडे! काहीतरी बिघाड झालाय. काय काम काढलंत?’

‘दिवा लागलाय, साहेब,’ टेलरबाई म्हणाल्या. ‘कारण विचारायचं नसतं. उघडा.’

इतक्या लोकांसमोर काय करणार? उघडलं.

त्या सरळ आत आल्या, टेबलावरचं पेन बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘चटई कुठे टाकू, वहिनी?’

माझा आवाज फुटला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. ‘माझ्याजवळ,’ मी म्हटलं.